अपूर्णांक असलेल्या असमानता सोडवताना या चुका टाळा

समीकरणं सोडवून हाताला अशी सवय लागलेली असते की मधे '=' ऐवजी '<' आलं तरी पायऱ्या त्याच लिहिल्या जातात. बहुपर्यायी परीक्षेत याचा फटका जास्त बसतो. चुकीच्या पायरीतून येणारं उत्तर बहुधा पर्यायांमध्ये असतंच, आणि ते दिसलं की आपण निर्धास्त होऊन पुढचा प्रश्न घेतो.

छेदाने बिनधास्त गुणणं

बाकीच्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. ३/(क्ष − २) > १ हे उदाहरण घ्या. तिरकस गुणाकार केला की ३ > क्ष − २, म्हणून क्ष < ५. आता क्ष = ० ठेवून बघा. डावी बाजू −३/२ येते, आणि ती काही १ पेक्षा मोठी नाही. गडबड गुणाकाराच्याच पायरीत झाली: क्ष − २ धन आहे की ऋण हे ठाऊक नसताना आपण त्याने गुणलं. ऋण संख्येने गुणल्यावर असमानतेचं चिन्ह उलटतं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण समोर −४ दिसला तरच तो आठवतो. छेदात चल असला की विसरला जातो. (वजाबाकी दिसते म्हणून क्ष − २ ऋणच असणार, किंवा −क्ष म्हणजे ऋण संख्या, असं धरणारेही असतात. क्ष = −३ असेल तर −क्ष चक्क ३ होतो.)

म्हणून गुणूच नका. सगळं एका बाजूला आणा: ३/(क्ष − २) − १ > ०. समान छेद केला की (५ − क्ष)/(क्ष − २) > ०. अंश ५ ला शून्य होतो, छेद २ ला. या दोन किमती संख्यारेषेवर मांडल्या की तीन भाग पडतात. प्रत्येक भागातली एकेक सोपी संख्या घ्या. ० घेतला तर ५/(−२), ऋण. ३ घेतला तर २/१, धन. ६ घेतला तर −१/४, पुन्हा ऋण. आपल्याला धन हवं, म्हणून उत्तर २ < क्ष < ५.

छेद धन आणि छेद ऋण अशा दोन शक्यता धरूनही हेच उत्तर येतं. पण तिथे धरलेली अट शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते. क्ष < २ धरलं की चिन्ह उलटून क्ष > ५ मिळतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होऊच शकत नाहीत, त्यामुळे ती शक्यता बाद. अट विसरून क्ष > ५ उत्तरात घातला की गेले गुण. घाईच्या वेळी मला संख्यारेषाच बरी वाटते.

अर्थात छेद क्ष² + १ असेल तर तो कायम धनच असतो. (क्ष − ७)/(क्ष² + १) < ० मध्ये छेदाने खुशाल गुणा, क्ष < ७. प्रश्नातच 'क्ष धन आहे' असं दिलेलं असेल तर क्ष ने गुणायलाही हरकत नाही.

छेदात नुसती संख्या असेल तर

इथे चुका साध्या असतात, पण होतात भरपूर. क्ष/३ − (क्ष − १)/२ ≥ १ याला ६ ने गुणलं की २क्ष − ३(क्ष − १) ≥ ६. उजवीकडच्या १ ला गुणायचं राहिलं तर क्ष ≤ २ येतं. कंस सोडताना +३ च्या जागी −३ लिहिलं तर क्ष ≤ −९. बरोबर सोडवलं तर −क्ष ≥ ३, आणि चिन्ह उलटून क्ष ≤ −३.

दोन्हीकडून बांधलेली असमानता असेल तर दोन्ही चिन्हं उलटतात. −८ < −२क्ष ≤ १२ ला −२ ने भागलं की ४ > क्ष ≥ −६.

'≤' दिसलं म्हणून दोन्ही टोकं घेणं

(क्ष + १)/(क्ष − ४) ≤ ० चं उत्तर −१ ≤ क्ष < ४. अंश शून्य झालेला चालतो, छेद नाही. ४ कधीच उत्तरात येणार नाही, मूळ चिन्ह कोणतंही असो.

छाटलेला घटकही असाच नडतो. (क्ष² − ३क्ष)/क्ष < ० मधला क्ष छाटला की क्ष < ३ उरतं, पण क्ष ≠ ० ही अट कायम राहते. 'ऋण नसलेल्या किती पूर्णांक किमती?' असं विचारलं तर उत्तर ३ नव्हे, २.

आणि संख्यारेषेवर चिन्हं आलटून-पालटून येतात हे डोळे मिटून धरू नका. (क्ष − १)²/(क्ष + ३) > ० मध्ये १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही, कारण वर्ग ऋण होत नाही. उत्तर क्ष > −३, फक्त क्ष = १ वगळून.

व्यस्त करताना

१/क्ष < १/३ पाहिलं की लगेच क्ष > ३ लिहिलं जातं. पण क्ष = −२ ठेवा: −१/२ हा १/३ पेक्षा लहानच आहे. दोन्ही बाजूंची चिन्हं सारखी असतील तरच व्यस्त घेताना असमानता उलटते. म्हणून पूर्ण उत्तर क्ष > ३ किंवा क्ष < ०. दोन राशींची तुलना करायला लावणाऱ्या प्रश्नांत ही ऋण बाजू मुद्दाम तपासा. 'सांगता येणार नाही' हा पर्याय अनेकदा तिथूनच येतो.

उत्तर पर्यायांशी जुळत नसेल तर

सगळं गणित पुन्हा करू नका. ज्या संख्येमुळे दोन पर्याय वेगळे पडतात तीच संख्या मूळ असमानतेत ठेवा, मधल्या पायरीत नाही; मधली पायरी आधीच चुकलेली असू शकते. क्ष < ५ आणि २ < क्ष < ५ यांत निवडायचं असेल तर ३ ठेवून काही कळणार नाही, तो दोन्हींत बसतो. ० ठेवला की एका ओळीत निकाल. प्रश्न फक्त टोकाचा असेल, म्हणजे '<' की '≤', तर ते टोकच ठेवून बघा आणि आधी छेदाकडे नजर टाका.