कातळाचा ताप: एप्रिल-मे महिन्यांत कलमं, रोपं आणि माणसं कशी सांभाळाल

कोकणात आंब्याची बाग असेल, तर होळी झाली की रोज सकाळी दहाच्या सुमारास अंगणात उभं राहून वारा कुठून येतोय ते बघा. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा उन्हं चढली की पडतो आणि दुपारच्या आसपास खारा वारा सुरू होतो. किनाऱ्यावरचा पारा एरवी आवाक्यात राहतो तो या खाऱ्या वाऱ्यामुळेच. पण काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा असा जोर धरतो की दोन वाजले तरी समुद्राची हवा आत शिरत नाही. दहा वाजता उगवतीकडून झळ लागत असेल, तर त्या दिवशी दुपारची कामं ठेवूच नका.

‘विदर्भात चव्वेचाळीस असतं, आपल्याकडे काय मोठंसं’ हे मी अनेक बागायतदारांकडून ऐकतो. हवामान खातंही असं मोजत नाही. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून होतो, किनारपट्टीला मात्र ३७ अंशांपासून. त्यासोबत पारा त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलेला असावा लागतो. आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी डझनाहून अधिक माणसं दगावली. खारघर आपल्या कोकणातलंच आहे, हे विसरू नका.

आता कातळाकडे वळू. देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी बागा जांभ्या कातळावर सुरुंग लावून, खड्डे भरून उभ्या राहिल्या. कातळ दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपर्यंत ते ओकत राहतो. म्हणजे फळाला ऊन वरून लागतं, तसंच खालूनही लागतं. हापूसमधला साका याच्याशी जोडलेला आहे. बाहेरून देखणं दिसणारं फळ कापल्यावर आत पांढुरकं, आंबूस निघतं, ते पक्व होत आलेल्या फळाला जमिनीकडून लागणाऱ्या उष्णतेने वाढतं. म्हणून कलमाखालची जमीन उघडी ठेवू नका. पातेरा (झडलेली सुकी पानं), सुकं गवत, भाताचा पेंढा, जे मिळेल ते फांद्यांच्या घेराइतकं पसरा. बाग स्वच्छ दिसावी म्हणून पातेरा गोळा करून जाळणारे अजूनही दिसतात. मला ते पाहवत नाही. मात्र पातेरा ठेवलात तर वणव्याची काळजी दुप्पट घ्यावी लागते. बागेच्या कडेने दोन-तीन मीटरचा पट्टा खरवडून मोकळा करा, आणि शेजारच्या काजूवाल्यालाही तसं करायला सांगा.

उशिराच्या मोहोराची फळं अजून लहान असतील तर पाणी उपयोगी पडतं. वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढ्या अवस्थेत, पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्या. ते बुंध्याशी न ओतता घेराखाली, आच्छादनाच्या आत जाऊ द्या. याच अवस्थांत १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५), म्हणजे लिटरला १० ग्रॅम, फवारल्याने गळ कमी होते. फवारणी सकाळी लवकर उरका. भर उन्हात गंधक मारलं तर पानंच करपतात. गोटी ते अंड्याच्या अवस्थेत २५ × २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या घालता आल्या तर नक्की घाला. डाग, फळमाशी आणि ऊन, तिन्हीपासून फळ वाचतं. मजुरी लागते हे खरं, म्हणून निदान पश्चिमेकडच्या आणि खालच्या फांद्यांना तरी घाला.

काढणी चौदा आणे तयार, म्हणजे पुरतं पिकायच्या थोडं आधीच्या फळाची करा. झाडावर जास्त पिकू दिलं की साका वाढतो. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) हातात घ्या. उतरवलेलं फळ कातळावर ठेवू नका, पाच मिनिटंही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आढी घालणाऱ्यांनी (आंबे पिकायला रचून ठेवणाऱ्यांनी) वर झाप, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या ताट्या, टाकावेत. नवीन लागवड करणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘रत्ना’ची थोडी कलमं लावून बघा, नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेल्या या जातीत साका होत नाही.

गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांबाबत एक चूक सरसकट होते. सावलीचा आडोसा सवयीने दक्षिणेला बांधला जातो. हिवाळ्यात ते बरोबर, मे महिन्यात नाही. सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात, रत्नागिरीत दहा तारखेच्या आसपास आणि मुंबईत पंधराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, भरदुपारी काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर तो दुपारी उत्तरेकडे झुकतो. तेव्हा आडोसा वर आणि पश्चिमेला हवा, पूर्व मोकळी ठेवा. माड-पोफळीच्या रोपांना विणलेला झाप पुरतो, आळ्यात सोडणं (नारळाची सालं) उताणी न ठेवता पालथी पसरा.

सगळ्यात जास्त जपायचं ते माणसांना. आपल्या बागांत हंगामाला नेपाळहून गडी येतात, थंड मुलखातून एकदम कातळावर. नव्या हवेला अंग सरावायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर अर्धंच काम द्या. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोरगा तिसऱ्याच दिवशी झाडाखाली बरळायला लागला. आम्हाला वाटलं, थकला असेल. अर्धा तास त्यातच गेला. तो वाचला, पण तो अर्धा तास मला अजून टोचतो. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तोल जातोय, म्हणजे उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तशी वेळ येऊच नये म्हणून काम सहाला सुरू करा आणि अकराला थांबवा. सकाळी मीठ घातलेली पेज पोटात जाऊ द्या. बागेत पाणी झाडागणिक असावं, मांगरात (बागेतल्या खोपटात) ठेवलेला एक हंडा पुरत नाही. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण पेजेच्या जोडीला ठेवा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय हे गड्यांना सांगून ठेवा, लाजू नका. कातळावरून परतणारं ऊन डोळ्यांनाही सोसत नाही, रुंद काठाची टोपी आणून द्या.

गुरांना अकरा ते चार रानात सोडू नका. म्हशीला घाम कमी आणि कातडी काळी, तिला दुपारी डुंबायला पाणी नसेल तर गोणपाट भिजवून पाठीवर टाका.

याच उन्हाकडून कामही करून घ्या. आमसुलं आणि काजूबी वाळवायला या दिवसांसारखे दिवस नाहीत. काजूबी रोज वेचा, दोन-तीन दिवस चांगली उलथापालथ करा आणि वळवाची चाहूल लागली की खळ्यातून आत घ्या. भाजीच्या किंवा भाताच्या रोपवाटिकेच्या वाफ्यात मर आणि सूत्रकृमींचा त्रास असेल तर एप्रिलच्या मध्यावर वाफा चांगला भिजवा, वर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. प्लास्टिक काढल्यावर कुदळीने खोल खणू नका, नाहीतर खालची न तापलेली माती रोगासकट वर येईल. वरवर कोळपून तिथेच बी टाका.