नागपुरात कॅन्सरचे उपचार सुरू होण्यापूर्वी : तयारीची यादी

बायोप्सीचा अहवाल हाती आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, त्यांत घरातल्या एकाने, शक्यतो रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कोणीतरी, कागदपत्रांची जबाबदारी अंगावर घ्यावी. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी ती माझ्याकडे आली आणि पहिली चूकही माझ्याच हातून झाली : एका रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, न भेटताच मी रोख पैसे भरून मोकळा झालो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजनांत पैशांचा व्यवहार रुग्णालय आणि योजना यांच्यात होतो आणि त्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. आपण भरलेली रक्कम मागाहून परत मिळेल या भरवशावर राहू नये. म्हणून काउंटरवर पाकीट काढण्याआधी आरोग्यमित्राचा कक्ष गाठावा आणि रुग्णालय योजनेत आहे का, एवढेच विचारून न थांबता, आपल्याला सांगितलेली शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशन तिथे योजनेतून होते का, हेही विचारून घ्यावे.

दुसरे काम नावे जुळवण्याचे. रेशनकार्डावर ‘सुलोचनाबाई’ आणि आधारवर नुसते ‘सुलोचना’ असेल, तर ती दुरुस्ती सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात आताच करून घ्यावी, कारण भरतीच्या दिवशी तिथे धावायला माणूस उरत नाही. आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, हेही पाहावे. कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी तळहाताची कातडी सोलवटते आणि कधीकधी बोटांचे ठसेच पुसट होतात. मग अंगठा लावला तरी यंत्र ओळखत नाही. तेव्हा आयुष्मान कार्डासाठी आणि बँकेसाठी लागणारी पडताळणी गोळ्या सुरू होण्याआधी उरकावी.

नागपुरात उपचारांसाठी छिंदवाडा, बालाघाटकडूनही माणसे येतात. त्यांना महाराष्ट्राच्या योजनेचा आधार नसला, तरी आयुष्मान कार्ड असल्यास ते इथल्या अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयात चालते. वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचे वय वंदना कार्ड काढता येते, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो आणि धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन, तर १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. या दोन्हींसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो सर्वांत आधी काढून ठेवावा.

खरी दमछाक मात्र रुग्णालयाच्या बिलाबाहेरच्या खर्चाने होते. रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस आणि सलग काही आठवडे चालते. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, सवयीतून तोंडाचा कॅन्सर झालेल्या रुग्णाला तर सहा-सात आठवडे लागू शकतात. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय किंवा वर्धा रस्त्यावर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, यांपैकी जिथे उपचार ठरतील त्याच्या जवळच्या राहण्याच्या सोयीची चौकशी तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच फेरीत करावी. गोंदिया किंवा चंद्रपूरहून ये-जा करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून रेल्वेच्या विहित नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे : कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास आहे. जामठ्याला जाताना मेट्रो खापरीपर्यंतच उपयोगी पडते, पुढच्या रिक्षाचे पैसे हिशेबात धरावेत. मे महिन्यात दुपारची वेळ मिळाली, तर संकोच न करता सकाळची मागावी. केमोने गळून गेलेल्या माणसाला नागपूरचे ऊन सोसवत नाही, खिशात कितीही कांदे ठेवले तरी.

बुडणारी मजुरीही याच हिशेबात येते. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विम्यातून अशा दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. किमान सेवेची अट पूर्ण होते का, ते आधी पाहावे. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारासाठी आगाऊ रक्कम काढता येते. सावकाराकडे जाण्याआधी हे दोन्ही दरवाजे ठोठावावेत. बँक खाते रुग्णाच्या एकट्याच्या नावावर असेल, तर त्यावर दुसरे नाव चढवावे. हे बोलायला जड जाते, पण रुग्ण हिंडता-फिरता असतानाच ते सोपे असते.

फाईलमध्ये तारखेवार अहवाल, स्कॅनची सीडी आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असाव्यात. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड प्रयोगशाळेतून मागून घ्याव्यात, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना सहसा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

शेवटी, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला एक ठरावीक काम सांगून टाकावे. आमच्याकडे वहिनींच्या भावाने मंगळवारचा डबा घेतला, समोरच्या काकूंनी मुलांची शाळेची ने-आण घेतली, आणि नुसते भेटायला येऊन तासभर बसणाऱ्या एका गृहस्थांना मी औषधांच्या दुकानाची चिठ्ठी देऊ लागलो.