सनरूफ मागाहून बसवताय? टप कापण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास लोक हौसेने गाडीचा टप कापून घेतात आणि जूनमध्ये ओलं कार्पेट घेऊन माझ्याकडे येतात. मधले महिने सगळं झकास चालतं, कारण पुण्यात तेव्हा फारसा पाऊस नसतो. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात असल्यामुळे बाहेरून बसवलेली बरीच सनरूफं खोलून बघितली. गाड्या वेगळ्या, मालक वेगळे, चुका मात्र त्याच त्या. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी या भानगडीत पडूच नये. तरी ज्यांचा जीव त्यातच अडकलाय, त्यांनी पुढचं वाचावं.

काच बघून भुलणं, पाण्याचं न विचारणं

लोकांना वाटतं, काचेच्या कडेचं रबर पाणी अडवतं. पूर्ण अडवत नाही, कंपनीतून आलेल्या सनरूफमध्येसुद्धा नाही. थोडं पाणी आत येणार हे धरूनच चौकटीला पन्हाळीसारखी खाच ठेवलेली असते. तिच्या कोपऱ्यांना नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन समोरच्या काचेशेजारच्या पिलरमधून उतरतात, मागच्या दोन डिकीकडच्या पिलरमधून, आणि पाणी गाडीच्या बाहेर, खाली पडतं. सनरूफ टिकणार की रडवणार, हे या नळ्यांवर ठरतं. स्वस्तातल्या, मागून फक्त थोड्या उचलल्या जाणाऱ्या पॉप-अप प्रकारात बऱ्याचदा ही पन्हाळ नसतेच. तिथे सगळा भरवसा रबरावर. आणि आपल्याकडच्या उन्हात रबर किती वर्षं मऊ राहतं, ते दाराचं बीडिंग दाबून बघा.

म्हणून बसवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: "नळ्या कुठून नेणार आणि पाणी कुठे सोडणार?" त्याने गाडीजवळ येऊन जागा दाखवली तर पुढे बोला. "टेन्शन नका घेऊ साहेब, सिलिकॉन मारतो" असं म्हणाला, तर चावी खिशात टाका आणि निघा.

एक सेडान आली होती. मालक म्हणाले, "दादा, एसी लावला की कुबट वास येतो. एसीवाल्याने फिल्टर बदललं, गॅस भरला, वास जाईना." मी वर बघितलं तर काचेभोवती बाहेरून सिलिकॉनचा जाड थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जिथून बसवलं तिथे प्रत्येक तक्रारीला हाच इलाज झाला होता. डिकीतली मॅट काढली, स्टेपनी उचलली, तर खालच्या खळग्यात तळं. त्यात गुलमोहराची पानं, जॅक गंजून लालभडक आणि चाकाचे नट खोलायची टॉमी त्याला चिकटलेली. मागच्या पिलरचं प्लास्टिक काढल्यावर उलगडा झाला. दोन्ही नळ्या बाहेर काढलेल्याच नव्हत्या. वरून वीतभर खाली आणून आतच सोडून दिल्या होत्या. बसवणाऱ्याला पिलरमधून वाट काढायचा कंटाळा आला असणार. म्हणजे सनरूफ आपलं काम चोख करत होतं, पाणी गोळा करून नळीत सोडत होतं, आणि नळी ते डिकीत ओतत होती. वरून सिलिकॉनचे दहा थर दिले असते तरी फरक पडला नसता.

हे महिनोन्महिने कळलं नाही याचं कारण पार्किंग. त्यांच्या सोसायटीतली जागा उताराची. गाडीचं नाक खाली असलं की पाणी पुढच्या नळ्यांतून जायचं, आणि त्या नीट बसवलेल्या होत्या. जागा बदलली, नाक वर झालं, आणि डिकी भरायला लागली. म्हणून कोणी "कालच पाणी मारून बघितलं, थेंब आला नाही" म्हणालं की मी विचारतो, गाडी कशी उभी होती? माझी पद्धत साधी आहे. टपाला आतून लागणारं कापडी लायनिंग वर चढवायच्या आधी अर्धा तास पाइपने पाणी, नाक चढावर ठेवून. मग गाडी फिरवून पुन्हा अर्धा तास. लायनिंग बसवल्यावर पाणी मारून काही दिसत नाही, कापड सगळं पिऊन टाकतं.

सिलिकॉन

यावर वेगळं बोलायलाच हवं. दुकानात मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना आम्ल सुटतं. कापलेल्या पत्र्याच्या उघड्या कडेवर ते लावलं की गंजाला आमंत्रण. शिवाय जिथे सिलिकॉन लागलं तिथे नंतर रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात, आणि पेंटर मालकाच्या नावाने बोटं मोडतो. त्या सेडानचा टप साफ करण्यातच माझ्याकडे कामाला असलेल्या पोराचा निम्मा दिवस गेला. गाडीची समोरची काच चिकटवायला जे पॉलियुरेथेन सीलंट वापरतात, ते इथे हवं. त्याला सुकायला वेळ लागतो. "सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा" म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

कापलेली कड घासून, प्रायमर आणि रंग मारून मगच चौकट बसली पाहिजे. आणि पत्रा कापताना उडालेला कीस त्याच दिवशी टपावरून, बॉनेटवरून धुऊन काढा. नाहीतर पहिल्या ओलाव्यात रंगावर तांबडे ठिपके उमटतात.

टप म्हणजे नुसता पत्रा, हा समज

लायनिंग खाली घेतलं की टपाखाली आडव्या पट्ट्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. टपाला ताठ ठेवायचं आणि बाजूने धडक बसली किंवा गाडी उलटली तर जोर पेलायचं काम त्या करतात. कंपनी जेव्हा सनरूफवाली गाडी काढते, तेव्हा तिच्या टपाचा पत्रा वेगळा घडवते आणि भोकाभोवती जादा मजबुती देते. तुमच्या बिनसनरूफच्या गाडीत ते नसतं. मोठी काच हवी म्हणून बसवणारा मधली पट्टी कापायला निघाला, तर तिथेच थांबवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये मावेल तेवढीच काच. "पॅनोरमिक करून द्या" म्हणणाऱ्या तरुण मंडळींना मी सरळ नाही म्हणतो. ते दुसरीकडे जातात, जाऊ देत.

आता बऱ्याच गाड्यांना सहा एअरबॅग असतात. त्यातल्या दोन, पडद्यासारख्या उघडणाऱ्या, टपाच्या कडेला दारांच्या वर घडी घालून ठेवलेल्या असतात. पुढच्या पिलरमधून जाणारी नळी नेमकी त्यांच्या शेजारून जाते. घाईत कोणी नळी त्या घडीवरून ओढून प्लास्टिकच्या टायने आवळली, तर एअरबॅग कशी उघडेल हे सांगता येत नाही. क्रॅश टेस्टचे तारे न कापलेल्या गाडीला मिळालेले असतात, हेही ध्यानात असू द्या.

"आरसीवर कुठे सनरूफ लिहिलेलं असतं?"

हा युक्तिवाद प्रत्येक जण करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडक लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी वकील नाही. पण टप कापणं म्हणजे स्टिकर लावणं नव्हे, एवढं कळतं. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा. एजंटाचं "चालतंय हो" हे लेखी नसतं. बदल न कळवता क्लेम टाकला तर सर्व्हेअरला पहिलं तेच दिसतं. कंपनीची रंगाची आणि गंजाची वॉरंटी तर कापल्या क्षणी हातची गेली समजा.

बाकीचं थोडक्यात

काच आत सरकणारी असेल तर डोक्यावरची दोन-एक इंच जागा जाते. उंच माणसाने आधी तशा गाडीत बसून बघावं.

नागपूर-चंद्रपूरकडे राहत असाल तर मे महिन्यात त्या काचेखाली बसून बघा, मग ठरवा. ऊन अडवणारी आतली सरकती झडप नसलेला प्रकार तिकडे घेऊच नका.

मोटरची वायर मिळेल त्या फ्यूजवर टोचू देऊ नका. स्वतंत्र फ्यूज हवा.

पोरांना काचेतून बाहेर उभं करायचं असेल, तर गाडी विकून बैलगाडी घ्या.

आणि जरा हिशेब करा. आता सनरूफ फक्त महागड्या गाड्यांत राहिलेलं नाही. मारुतीने २०२२ मध्ये ब्रेझात दिलं, ह्युंदाईने २०२३ मध्ये एक्स्टरसारख्या छोट्या गाडीत. आहे ती गाडी विकून सनरूफवालं व्हेरियंट घेतलं, सेकंडहँड का होईना, तर फरकाची रक्कम वाटते तेवढी येत नाही. उलट कापलेल्या टपाची गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक वर बघतं आणि भाव पाडतं. पूर्ववत करायचं म्हटलं तर अख्खा टप बदलावा लागतो, आणि टप बदललेली गाडी म्हणजे पलटी झालेली गाडी, असंच बाजार धरून चालतो.

ज्यांनी आधीच बसवून घेतलंय, त्यांनी मे संपायच्या आत एवढं करा. काच पूर्ण उघडा, खाचेतली माती आणि पानं ओल्या फडक्याने काढा. मग प्रत्येक कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओता आणि ते गाडीखाली कुठे टपकतं ते दुसऱ्या कोणाला तरी वाकून बघायला सांगा. टपकलं नाही तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हलक्या हाताने नळीत सरकवा. पंक्चरवाल्याची हवा मारू नका. प्रेशरने नळी आतल्या आत निसटते आणि मग सगळं लायनिंग उतरवावं लागतं.