मिनेसोटात रस्त्याचं असेसमेंट आलंय? चेक लिहायच्या आधी हे करा

घरासमोरचा रस्ता नवा होणार म्हणून बरं वाटत असतं तेवढ्यात सिटीचं पत्र येतं, की तुमच्या प्रॉपर्टीवर इतके हजार डॉलर स्पेशल असेसमेंट, म्हणजे रस्त्याचा फायदा होणाऱ्या प्रॉपर्टीजकडून घेतला जाणारा खर्चाचा वाटा. आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, मग एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो तो कशाला? प्रश्न रास्त आहे पण सुनावणीत त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण राज्याच्या कायद्यातल्या चॅप्टर ४२९ ने सिटीला हे पैसे घ्यायचा अधिकार दिलेलाच आहे.

भांडायचं ते किमतीवरून. या रस्त्यामुळे माझ्या घराची बाजारातली किंमत नक्की किती वाढली? असेसमेंट त्या वाढीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि एकाच प्रकारच्या प्रॉपर्टीजना एकच माप लावलेलं हवं. हे काही नवीन नाही, ओहायोतल्या नॉरवूडच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८९८ सालीच सांगितलंय की फायद्यापेक्षा बरीच जास्त वसुली म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेणं. आणि बिलावर 'फी' लिहिलं असेल तरी गप्प बसू नका, सेंट पॉलने असंच म्हटलं होतं, २०१६ मध्ये फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही, हा टॅक्सच आहे म्हणाले, म्हणजे फायद्याची मर्यादा त्यालाही लागू.

सुनावण्या दोन असतात आणि लोक इथेच गोंधळतात. पहिली, रस्ता करायचा की नाही याची, तिची नोटीस किमान १० दिवस आधी पोस्टाने येते. नुसता वरचा थर बदलून भागेल, पूर्ण खोदायची गरज नाही, हे बोलायचं ते इथे. रस्त्यालगतच्या किमान ३५ टक्के फ्रंटेजच्या (रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटच्या लांबीच्या) मालकांनी अर्ज केलेला नसेल आणि कौन्सिलने आपणहून काम काढलं असेल तर पाचातली चार मतं लागतात, म्हणजे पाच जणांच्या कौन्सिलमध्ये दोघं विरोधात गेले की काम अडतं. म्हणून सुनावणीच्या आधीच कौन्सिल मेंबरना फोन करा, ते उचलतात, खरंच.

दुसरी सुनावणी पैशांची, नोटीस किमान दोन आठवडे आधी. आता हे नीट वाचा: हरकत लेखी हवी, मालकाची सही हवी, आणि ती सुनावणीच्या आधी सिटी क्लर्ककडे किंवा सुनावणीतच अध्यक्षांच्या हातात पडायला हवी. माइकवर तीन मिनिटं कितीही जोरदार बोललात तरी कागद दिला नसेल तर सबळ कारणाशिवाय पुढे कोर्टाचा रस्ता बंद. ईमेलवर विसंबू नका, छापा, पेनने सही करा (घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी), आणि कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. मजकूर साधा चालतो, पत्ता, पार्सल नंबर, रक्कम, आणि ही रक्कम माझ्या प्रॉपर्टीला झालेल्या फायद्यापेक्षा जास्त आहे म्हणून माझी हरकत आहे. शेजाऱ्यांनी मिळून एकच पत्र देण्यापेक्षा प्रत्येकाने आपापलं द्यावं. एच-१बीवर आहोत, उगाच सरकारदरबारी नाव नको, असं म्हणणारे भेटतात, पण इथे हक्क घरमालकाचा आहे, सिटिझनशिपचा संबंधच नाही.

दरम्यान सिटीकडून त्यांची असेसमेंट पॉलिसी, फीझिबिलिटी रिपोर्ट आणि त्यांनी अप्रेझरकडून (प्रॉपर्टीची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडून) फायद्याचा अंदाज काढून घेतला असेल तर तोही मागवा, राज्याच्या डेटा प्रॅक्टिसेस कायद्याखाली मागता येतं. मग टेप घेऊन आपलं फ्रंटेज मोजा. कॉर्नर प्लॉट आणि कल-डी-सॅकमधले तिरके प्लॉट यात गफलती होऊ शकतात आणि अशी चूक क्लर्कला दाखवली की बऱ्याचदा वकिलाशिवायच काम होतं.

कौन्सिलने तरी मंजूर केलंच तर अपिलाला त्या दिवसापासून ३० दिवस. नोटीस मेयर किंवा क्लर्कला बजावायची आणि ती बजावल्यापासून १० दिवसांत डिस्ट्रिक्ट कोर्टात दाखल करायची. कोर्ट सुरुवातीला सिटीचा आकडा बरोबर धरतं, तो खोडायचा तर रस्त्याआधीची आणि नंतरची किंमत सांगणारा स्वतःचा अप्रेझर लागतो. दोन-तीन हजारांसाठी एकट्याने कोर्टात जाणं मला तरी परवडणारं वाटत नाही, वकिलाची फीच त्याच्या वर जाईल, पण गल्लीतली दहा घरं एकत्र आली आणि सगळ्यांच्या हरकती वेळेत दिलेल्या असल्या तर हिशेब बदलतो.

लढायचं नसेल तर मंजुरीपासून ३० दिवसांत पूर्ण भरा, व्याज लागत नाही, नाहीतर हप्ते व्याजासकट प्रॉपर्टी टॅक्समध्ये येत राहतात. ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे मालक स्वतःच्या घरात राहत असतील आणि पैसे भरणं जड जात असेल तर काही सिटीज वसुली पुढे ढकलतात, त्याचा अर्ज वेगळा असतो, क्लर्कला विचारा. घर विकत घेत असाल तर परचेस अ‍ॅग्रीमेंटमध्ये पेंडिंग असेसमेंट कोण भरणार ते वाचल्याशिवाय सही नको. आणि टॅक्स रिटर्नमध्ये हे प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा करू नका, नव्या रस्त्याची मूळ रक्कम घराच्या कॉस्ट बेसिसमध्ये (घर विकताना नफा मोजायला धरतात त्या मूळ खर्चात) जाते, पावती जपून ठेवा.