लाईन जाणाऱ्या गावात खाऱ्या पाण्याच्या टाकीले फिल्टर कोणता लावायचा

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीले फिल्टर घ्यायच्या आधी एक काम करा. आठ-पंधरा दिवस घरची लाईन कधी जाते, किती वेळ जाते अन् संध्याकाळी व्होल्टेज किती राहते हे एका वहीत लिहून ठेवा. शहरातल्या माणसाले विचारलं तर तो टाकी किती लिटरची, मासे कोणते, बजेट किती हेच विचारते, ते बरोबरही आहे, पण आपल्याकडं पहिला प्रश्न हा की लाईन गेल्यावर तुमचा फिल्टर काय करते, अन् लाईन परत आल्यावर काय करते. त्याचं उत्तर ज्या सामानाजवळ चांगलं आहे तेच सामान घ्या, मंग ते यादीत कितीही मागं असो.

मी दिग्रसकडच्या एका खेड्यात राहतो, समुद्र इथून सहा-सातशे किलोमीटर. पहिल्या टाकीले मी कॅनिस्टर लावला होता, म्हणजे तो बंद डब्याचा फिल्टर, टाकीच्या खाली ठेवायचा. गोड्या पाण्यात दोन वर्षं चांगला चालला होता म्हणून तोच खाऱ्याले लावला. मे महिन्यात अवकाळी वादळ झालं, तारांवर झाड पडलं, रात्री नऊले गेलेली लाईन पहाटे चारले आली अन् आम्ही सगळे झोपेत होतो. सकाळी उठून पाहतो तर दोन्ही क्लाऊनफिश तळाशी पडलेले. झालं असं की बंद डब्यात पाणी फिरलं नाही की आतले घाण पचवणारे जंतू तिथला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपवून टाकतात, मंग तेच मरायले लागतात, डब्यातली घाण सडते, अन् लाईन आल्याबरोबर पंप ते सगळं पाणी सरळ टाकीत फेकते. टाकीतला ऑक्सिजन तसाही रात्रभरात कमी झालेला, त्यावर हे. त्या दोन मासोळ्यांचं मले अजूनही वाईट वाटते, म्हणून हे सगळं एवढं खोलात लिहून राह्यलो. ज्यांच्याकडं कॅनिस्टर आहेच त्यांनी लाईन गेली की त्याचा प्लग काढून ठेवा, तास-दीड तासाच्या वर गेली तर आतलं पाणी फेकून, स्पंज अन् मीडिया, म्हणजे जंतू राहतात ते आतले तुकडे, टाकीच्याच पाण्यात खळबळून मंगच सुरू करा. नवीन घेणार असाल तर आपल्या भागासाठी मी कॅनिस्टर सांगणार नाही.

आता फिल्टरचं काम काय ते थोडक्यात. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होते, जंतू त्याचं नायट्राईट करतात, दुसरे जंतू नायट्राईटचं नायट्रेट करतात. पहिल्या दोन गोष्टी जहरी आहेत, तिसरी पाणी बदलून कमी करता येते. हे जंतू छिद्रं असलेल्या दगडावर राहतात, म्हणून खाऱ्या टाकीत खरा फिल्टर म्हणजे दगडच, बाकीचं सामान त्याच्या मदतीले. पण दगड म्हणजे प्रवाळ नाही, हे नीट समजून घ्या. दगडी प्रवाळ आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षित आहे, कोणी समुद्रकिनाऱ्यावरून आणलेला तुकडा स्वस्तात देऊन राह्यला असंल, वाळलेला मेलेला असला तरी घेऊ नका. माणसानं बनवलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात, १९० लिटरच्या टाकीले पंधरा-वीस किलो पुरतात. नदीतले गोटे गुळगुळीत राहतात, आत छिद्रंच नाहीत, त्यांचा उपयोग नाही. नवीन दगडावर जंतू बसायले चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा टाकायचा नाही, टेस्ट किटमध्ये अमोनिया अन् नायट्राईट दोन्ही शून्य आल्याशिवाय तर बिलकुलच नाही.

आता टाकीचा आकार. माझी सध्याची टाकी तीन बाय दीड बाय दीड फुटाची, म्हणजे भरून १९० लिटर. याच्यापेक्षा लहान, साठ-सत्तर लिटरची असंल अन् त्यात एक-दोनच मासे असतील तर मागं लटकवायचा हँग-ऑन फिल्टर, भरपूर दगड अन् दर आठवड्याले दहा-पंधरा टक्के पाणी बदल, एवढ्यात भागते. फक्त घेताना दुकानदाराले चालू करून, प्लग काढून, दहा मिनिटांनी परत लावून दाखवायले सांगा, कारण काही मॉडेल लाईन परत आल्यावर पाणी ओढतच नाही, कोरडे घरघरत राहतात.

मोठ्या टाकीले मात्र खाल्ते सम्प ठेवा. सम्प म्हणजे दुसरी काचेची टाकी, वरचं पाणी पाईपनं खाली येते, तिथं गाळते, पंप परत वर फेकते. वरून उघडा राहते म्हणून लाईन गेली तरी कॅनिस्टरसारखं पाणी सडत नाही, अन् एकूण पाणी वाढते म्हणून तापमान अन् खारेपणा लवकर हलत नाही. तालुक्याले खिडकीच्या काचा बसवणारा काचवाला असतेच, तो दोन बाय एक बाय एक फुटाचा सम्प दोन दिवसांत करून देते, आत दोन-तीन आडव्या काचा लावून कप्पे पाडून घ्या. सिलिकॉन साधं घ्या, बाथरूमचं बुरशी न लागणारं नको, त्यात औषध राहते.

वरच्या टाकीतून पाणी खाली आणायले काचेले भोक पाडून घ्या. भोक न पाडता काठावर लटकवायचा सायफनचा डबा मिळते, तो स्वस्त आहे, पण लाईन गेल्यावर त्याचा सायफन तुटला अन् लाईन आल्यावर पंप चालू झाला की खालचं सगळं पाणी वर अन् वरचं जमिनीवर. जिथं दिवसातून चारदा लाईन जाते तिथं हा धोका कायले घ्यायचा. भोक फक्त साध्या काचेले पडते, टफन काच पूर्ण फुटते, म्हणून टाकी बनवतानाच सांगून ठेवा. आधी त्या भोकात बसवायचं प्लास्टिकचं टँक निपल विकत आणा, ते काचवाल्याच्या हातात द्या, मंग त्या मापाचं भोक पाडायले लावा.

प्लंबिंगच्या दुकानात गेलं की तो पितळी निपल, पितळी कॉक, जीआयचा पाईप काढून देते, मजबूत म्हणून. खाऱ्या पाण्यात पितळ नको, तांबं नको, लोखंड नको, स्प्रिंगवाला क्लॅम्पसुद्धा पाण्यात नको. तांब्याचा अंशही कोळंबी-शंखांसारख्या जीवांले मारते. सगळं पीव्हीसी. कुलरचा पंप पडून आहे तोच लावतो असं खूप जण म्हणतात, मीही ते करून पाहणार होतो, पण त्याचे स्क्रू अन् शाफ्ट खाऱ्यात गंजतात, आतली वाइंडिंग उघडी पडली की पाण्यात करंट उतरते. टुल्लू पंप तर नकोच. पंप घेताना तो समुद्राच्या पाण्याले चालते असं डब्यावर लिहिलेलं असायले पाहिजे.

पंपाच्या डब्यावरच्या आकड्यानं फसू नका. २००० लिटर तासाले असं लिहिलं असते ते पाणी वर चढवायचं नसंल तेव्हाचं. दोन मीटर हेडचा, म्हणजे जास्तीत जास्त दोन मीटर वर पाणी चढवणारा पंप चार फूट वर पाणी चढवताना निम्म्याच्याही खाली येते. सम्पमधून तासाले टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी भरपूर, म्हणजे १९० लिटरले ७००-८०० लिटर, तेवढ्यासाठी हा २००० वाला बरोबर बसते. बाकीची हालचाल टाकीतला वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा छोटा पंप करते, तो पाच-सहा वॅटमध्ये चालते अन् पाण्याचा वरचा थर हलवत राहते. ऑक्सिजन मिळते तो त्या वरच्या थरातूनच.

आता प्रोटीन स्किमर. खाऱ्या टाकीत पैसे कशावर टाकायचे असं मले विचाराल तर यावर. याच्यात पंप हवेचे बारीक बुडबुडे करते, पाण्यातली चिकट घाण बुडबुड्यांले चिटकून वर येते, फेस होऊन कपात पडते, म्हणजे घाण सडून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर निघते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमते, गोड्या पाण्याच्या टाकीत ते जमत नाही. शिवाय पाण्यात हवाही चांगली मिसळते. निवडताना डब्यावर २०० लिटरपर्यंत असं लिहिलं असंल तर ते कमी माशांच्या टाकीचं समजा, १९० लिटरले तीनशेचा घ्या. आपल्या सम्पमध्ये पाण्याची उंची किती राहते ते मोजून ठेवा, बहुतेक स्किमरले सहा ते नऊ इंच लागते, जास्त-कमी झालं की फेस बरोबर बनत नाही, म्हणून त्या कप्प्याची काच त्याच उंचीची करून घ्यायची. नवीन स्किमर पहिले आठ-पंधरा दिवस वेडावाकडा फेस काढते, त्याले खराब म्हणून परत पाठवू नका.

अन् एक गोष्ट जी मले दुकानात कोणीच सांगितली नव्हती. वर पाणी फेकणारा पंप बंद अन् स्किमर चालू, असं कधी होऊ द्यायचं नाही. तो पंप थांबला की वरच्या टाकीतलं थोडं पाणी खाली येते, सम्पची पातळी वाढते, स्किमरचा कप भरून वाहते अन् आठवडाभर काढलेली घाण परत पाण्यात. म्हणून हे दोन्ही एकाच बोर्डावर ठेवा, जाईल तर दोन्हीची लाईन जाईल. इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी वेव्हमेकर अन् हवेचा पंप टाका, बॅटरी दमदार असंल तरच वर पाणी फेकणारा पंप अन् स्किमर, अन् तेही सोबतच.

इन्व्हर्टरचा हिशोब सांगतो. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण ती पूर्ण उतरवली तर लवकर मरते, निम्मी धरा, त्यातलं इन्व्हर्टर स्वतः खाते, हाती सातशेच्या आसपास येतात. वेव्हमेकर अन् हवेचा पंप मिळून दहा वॅट, म्हणजे त्यांचं काही ओझंच नाही, ओझं घरातल्या पंख्यांचं राहते, एकेक ७०-७५ वॅटचा. आमच्या घरी आता लाईन गेली की मधल्या खोलीचा पंखा बंद करायचा असं ठरलं आहे, आईनंच ठरवलं. इन्व्हर्टर साईन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गरम होतात अन् गुणगुणतात. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नाही त्यांनी यूएसबीवर चालणारा छोटा हवेचा पंप अन् १०,००० एमएएचची पॉवरबँक ठेवा, रात्र निघून जाते, फक्त काही पॉवरबँक लोड कमी आहे म्हणून आपोआप बंद होतात, ते आधीच तपासून घ्या. लाईन गेल्यावर मासा अमोनियानं मरायच्या आधी ऑक्सिजन कमी पडून मरते, म्हणून हवा पहिले.

शेतातल्या घरी राहणाऱ्यांनी, ज्यांची लाईन शेतीच्या फिडरवरून दिवसाचे काही तासच येते, त्यांनी सम्प-स्किमरच्या भानगडीत पडायच्या आधी सोलरची सोय करा. अन् व्होल्टेज १७०-१८० वर येत असंल तर स्टॅबिलायझर लावा, नाहीतर पंप सुरूच होत नाही, जाम होऊन तापत राहते. आर्थिंग नीट पाहून घ्या, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत जा, अन् टाकीच्या बोर्डाले करंट लिक झाला की पडणारा स्विच बसवून घ्या. खारं पाणी अन् वीज, इथं काटकसर नको.

पाण्याचा फिल्टरही याच यादीत येते. बोरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, आमच्याकडं हजाराच्या आसपास, यवतमाळ-चंद्रपूरकडं कुठं कुठं फ्लोराईडही आहे, नायट्रेट आहे, असं पाणी मीठ घालून वापरलं तर शेवाळ सुटते. घरचा आरओ चालते, पण त्यात चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर अन् मिनरलचं कार्ट्रिज राहते, मेकॅनिकले सांगून त्याच्या आधी टी मारून वेगळी नळी काढा अन् तिले डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षारही ओढून घेणारा फिल्टर जोडा. टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. गावातल्या वीस लिटरच्या कॅनचं पाणी बहुतेक पन्नास-शंभर दाखवते, तेही डीआयमधून काढूनच घ्या. मीठ फक्त मरीन सॉल्ट, लिटरले ३५ ग्रॅमच्या आसपास, खारेपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२५. खाण्याचं मीठ किंवा खडे मीठ चालत नाही.

बाकी सामान लवकर सांगतो. पाणी सम्पमध्ये पडते तिथं फिल्टर फ्लॉस, म्हणजे कापसासारखी गाळणी ठेवा, तीन-चार दिवसांनी बदला, जास्त ठेवला की तोच घाण करते. कार्बन महिन्याले एक मूठ. पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा आता नको. जंतू बसायचे प्लास्टिकचे बायोबॉल नको. सम्पमध्ये जागा उरली तर किटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेवून त्यावर रात्री लाईट लावा, नायट्रेट ओढते अन् स्वस्तात पडते.

उन्हाळ्याचं काय, तर बाहेर ४५ च्या वर गेलं तरी पाणी २५ ते २७ राहिलं पाहिजे, अन् चिलर सगळ्यांले परवडत नाही. सम्पवर अन् टाकीवर छोटे पंखे लावा, आपली कोरडी हवा इथं कामी येते, दोन-तीन डिग्री सहज उतरते, पावसाळ्यात तेवढं उतरत नाही. टाकी मात्र कुलरच्या खोलीत ठेवायची नाही, तिथं हवा ओली राहते अन् पाणी उडत नाही. मे महिन्यात माझ्या टाकीचं रोज चार लिटर तरी उडते. मीठ उडत नाही, पाणीच उडते, म्हणून भर घालताना साधं आरओ-डीआय पाणी. त्यासाठी कुलरचा प्लास्टिकचा फ्लोट वॉल सम्पच्या पंपाच्या कप्प्यात बसवला अन् वर दहा लिटरचा डबा ठेवला, तेवढ्यात काम होते. डबा मोठा नको, वॉल अडकला तर सगळं गोडं पाणी एकदम उतरंल.

सगळं जोडून झालं की मीठ टाकायच्या आधी साध्या पाण्यावर एकदा करून पाहा. पंप बंद ठेवून वरची टाकी भोकापर्यंत अन् सम्प काठापासून दोन इंच खालपर्यंत भरा, मंग पंप चालू करा, दहा मिनिटांनी सम्पमधलं पाणी जिथं येऊन थांबते तिथं काचेवर मार्करनं रेष मारा. मेन स्विच पाडून पाच-सहा वेळा लाईन गेल्यासारखं करा अन् दर वेळी खाली काही सांडते का पाहा. वरची टाकी एक इंच उतरली तरी माझ्या मापाच्या टाकीतून दहा लिटर खाली येतात, म्हणून वर येणाऱ्या पाईपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरासंच खाली ठेवा, खोल ठेवलं की तिथून उलटा सायफन होऊन बरंच पाणी उतरते. अन् पंप चालू असताना त्या मार्करच्या रेषेच्या वर कधीच पाणी भरू नका.