लायसन्स रिन्यू करायच्या आधी लॉग उघडून बघा

कॉलेजच्या लॅबला सॉफ्टवेअरची किती लायसन्स लागतात हे बऱ्याच ठिकाणी एचओडी (विभागप्रमुख) मागतील तेवढी नाहीतर गेल्या वर्षी होती तेवढी असंच ठरतं, आणि खरी माहिती सर्व्हरवर धूळ खात पडलेली असते. मॅटलॅब, ॲन्सिससारख्या सॉफ्टवेअरची नेटवर्क लायसन्स (सर्व्हरवरून सगळ्यांनी वाटून वापरायची) असतील तर फ्लेक्सनेट या लायसन्स सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, कोणी लायसन्स घेतलं की 'आउट', सोडलं की 'इन', नाही मिळालं तर 'डिनाइड' अशी वेळेसकट ओळ पडते. त्यातून एका वेळी जास्तीत जास्त किती वापरात होती ते काढा. सरासरीच्या नादाला लागू नका, त्यात रात्री, रविवार, दिवाळीची सुट्टी सगळं मिसळतं आणि आकडा उगाच छोटा दिसतो. सबमिशन आणि प्रॅक्टिकलचे आठवडे वेगळे बघा, खरी मारामारी तेव्हाच असते.

'डिनाइड' दिसलं की लगेच जादा लायसन्सची फाइल फिरवू नका हां, कधी व्हर्जन जुळत नसतं, कधी एकच पोरगा दहादा क्लिक करत बसलेला असतो.

कोणता पीसी किती वापरला जातो ते विंडोजच्या सिस्टम लॉगमध्ये 7001 नंबरची नोंद म्हणजे लॉगिन आणि 7002 म्हणजे लॉगआउट यावरून कळतं. पण लॅब रिकामी दिसली तर आधी टाइमटेबल बघा, चावी कोणाकडे असते तेही विचारा, कुलूपबंद खोलीत वापर शून्यच येणार ना! आणि या हिशोबाला पोरांची नावं लागत नाहीत, रिपोर्ट काढताना ती उडवून टाका.