युवा भजन मंडळाचा परदेश दौरा: या चुका टाळा

युरोपातले बरेच लोककला महोत्सव जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. म्हणजे शेवटचा हप्ता मागायची वेळ येते ऐन पेरणीत, घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असताना. मग चार पोरं गळतात आणि उरलेल्यांचा खर्च वाढतो. वर्गणी सोयाबीन-कपाशीच्या चुकाऱ्याबरोबर, नोव्हेंबर ते जानेवारीतच घ्या.

आयोजकांच्या ‘राहणं-जेवण आमच्याकडे’ एवढ्यावर हुरळू नका. विमानभाडं, व्हिसा, विमा बहुधा आपल्याच अंगावर येतो. कोण कशाचा खर्च करणार, तारखा आणि प्रत्येकाचं पासपोर्टप्रमाणे नाव आमंत्रणपत्रात हवंच. आयोजक ‘तुमच्या मंडळाच्या खात्यात पैसे पाठवतो’ म्हणाले, तर आधी थांबवा: एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ते घेता येत नाहीत. टूर कंपनीचं अख्खं पॅकेज एकाच्याच पॅनवर घेतलं, तर सगळा टीसीएस (पॅकेजच्या पैशासोबतच घेतला जाणारा आगाऊ कर) त्या एकट्याच्या नावे जमा होतो आणि पुढे वाद होतो.

पासपोर्ट अडतो जन्मदाखल्यावर. जुन्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा सापडतो, नाहीतर एका कागदावर वानखडे, दुसऱ्यावर वानखेडे. जन्म जिथे नोंदला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आधी दुरुस्ती करा, मग आधार आणि शाळेची टीसी जुळवा. अठराच्या आतल्यांना आईवडिलांच्या सह्यांचं अनेक्श्चर डी हे संमतीपत्र लागतं.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. प्रवासाच्या 15 दिवस आधी ही शेवटची मर्यादा, तिच्या भरवशावर राहू नका. फी 90 युरो. पण 25 वर्षांपर्यंतचे ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी, ना-नफा संस्थेनेच भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जात असतील तर ती माफ असते. त्यासाठी दोन्ही संस्थांची नोंदणीपत्रं जोडा. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

पालकांच्या खात्यात वर्षाचा पैसा एकाच दिवशी आलेला दिसला की व्हिसा अधिकाऱ्याला तो उसना वाटू शकतो. बाजार समितीची हिशेबपट्टी आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह लावला की खुलासा होतो.

वाद्यांचं थोडक्यात: पेटी वजन करून चेक-इनला द्या, तबल्याची हातोडीही तिथेच, केबिनमध्ये ती काढून घेतात. घोरपडीच्या कातड्याची जुनी खंजिरी नेऊच नका, कायद्याने संरक्षित प्राणी आहे तो. महागड्या वाद्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट (ती इथूनच नेली याचा दाखला) निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून घ्या, म्हणजे परतताना ड्युटीचा प्रश्न येत नाही.